चेतापेशीचं 'डोकं' नेमकं कुठे असतं? (आकृतीला नावं देताना अडलेला प्रश्न)

टाचणी (धागाकर्ती)

परवा भाची जीवशास्त्राची वही घेऊन आली. 'चेतापेशीची सुबक आकृती काढून नावे द्या.' ती आकृती तुमच्याही डोळ्यांसमोर असेलच. डावीकडे फांद्या फुटलेलं ताऱ्यासारखं डोकं, त्यात केंद्रक, उजवीकडे मण्यांच्या माळेसारखी शेपूट आणि शेवटी केरसुणीसारखे फराटे. नावंही तिने बरोबर दिली होती: वृक्षिका (फांद्या), पेशीकाया (डोकं), केंद्रक, अक्षतंतू (शेपूट), मायलिन आवरण (मणी), अक्षतंतूची टोकं (फराटे). मी शाबासकी देऊन सुटणार, तेवढ्यात तिने विचारलं, "मावशी, पायाच्या अंगठ्याला ठेच लागली तर ते कळवणाऱ्या पेशीचं हे डोकं कुठे असतं? अंगठ्यात का?"

मी ठोकून दिलं की हो, वृक्षिका संदेश घेतात म्हणजे त्या अंगठ्यात, मग काया पण तिथेच. त्यावर ती म्हणे, "मग दर वेळी ठेच लागली की केंद्रक चेंगरत नाही का?"

मी वाणिज्य शाखेची. जाणकारांनी वाचवावं.

शंकासुर

मावशींचं उत्तर मलाही बरोबरच वाटलं होतं. आता झोप लागणार नाही.

भिंगवाला

चेंगरलं असतं, म्हणूनच ते तिथे नसतं. भाची हुशार आहे.

स्पर्श आणि वेदना कळवणाऱ्या पेशींच्या काया पाठीच्या कण्यालगत, दोन मणक्यांमधल्या फटीपाशी असलेल्या छोट्या गाठींमध्ये असतात. शास्त्रीय शब्द गंडिका. कण्याच्या दोन्ही बाजूंना अशा गाठींची रांगच आहे. अंगठ्याकडची पेशी असेल तर कमरेच्या खालच्या भागातली गाठ.

तिथली पेशी तुमच्या वहीतल्यासारखी दिसत नाही. काया गोल गरगरीत, फांद्यांचा झुपका नाहीच. तिला एकच देठ, आणि तो थोडा पुढे जाऊन दुभंगतो. एक फाटा खाली थेट अंगठ्यापर्यंत, दुसरा मेरुरज्जूत. ठेचेचा संदेश खालच्या फाट्यातून येतो आणि सरळ वरच्या फाट्यात जातो. काया आपली बाजूला देठाला लटकलेली. संदेशाने तिच्याकडे वळून जायलाच हवं असं काही नाही.

मग अंगठ्यातलं टोक म्हणजे वृक्षिका की अक्षतंतू? कामाने बघाल तर ते माहिती घेतं, म्हणजे वृक्षिका म्हणावं. रचनेने बघाल तर लांबलचक, बऱ्यापैकी एकसारख्या जाडीचा, अनेकदा मायलिन गुंडाळलेला, म्हणजे अक्षतंतू. हल्ली त्याला अक्षतंतूच म्हणतात आणि मलाही तेच पटतं.

वहीतली आकृती खोटी नाही, ती दुसऱ्या पेशीची आहे. स्नायू हलवणाऱ्या प्रेरक पेशीची. तिची काया मेरुरज्जूच्या आत असते आणि अक्षतंतू बाहेर स्नायूपर्यंत. पुस्तकाने एकच चित्र छापलं आणि पिढ्यान् पिढ्या सगळ्यांना वाटलं की चेतापेशी म्हणजे अशीच.

टाचणी

थांबा थांबा. कमरेपासून अंगठ्यापर्यंत एकच पेशी?? मला वाटायचं एकाला एक जोडून हजारो असतील.

भिंगवाला

एकच. प्रौढ माणसात मीटरभर सहज. आणि स्पर्श कळवणाऱ्या पेशीचा वरचा फाटा तर मेरुरज्जूतून चढत मेंदूच्या बुडापर्यंत जातो. तिथे पहिल्यांदा दुसरी पेशी भेटते. म्हणजे पायाच्या अंगठ्यापासून मानेच्या वरपर्यंत एक सलग पेशी. वेदनेच्या पेशीची मजल एवढी नसते, ती मेरुरज्जूत शिरल्यावर जवळच पुढच्या पेशीला निरोप देऊन मोकळी होते.

सावकाश

मापाचं बोलायचं तर मी गणित करून बघितलं. मोठ्या प्रेरक पेशीची काया साधारण ०.१ मिलिमीटर. अक्षतंतू १ मीटर. म्हणजे कायेच्या १०,००० पट. काया क्रिकेटच्या चेंडूएवढी केली, ७ सेंटिमीटर धरा, तर तंतू ७०० मीटर लांब होतो. आणि त्याची जाडी? खरा तंतू १० मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या मापात ७ मिलिमीटर. पेन्सिलीएवढी.

एक चेंडू आणि त्याला जोडलेली ७०० मीटर लांब पेन्सिल. वहीच्या पानावर हे मावणारच नाही, म्हणून चित्रकार शेपूट छाटतो.

अर्धवटराव

मग त्या पेन्सिलीच्या दुसऱ्या टोकाला खायला-प्यायला कोण घालतं? केंद्रक तर चेंडूत.

भिंगवाला

अर्धवटराव, नाव बदला तुम्ही. हाच खरा प्रश्न आहे.

प्रथिनं बनवण्याचा मुख्य कारखाना कायेत असतो. कायेला विशिष्ट रंग दिला की तिथे ठिपकेच ठिपके दिसतात. फ्रान्झ निसल याने ते दाखवले म्हणून त्यांना निसल कण म्हणतात. ते वृक्षिकांच्या बुडापर्यंत पसरलेले असतात, पण अक्षतंतू जिथून निघतो तिथे एकदम थांबतात. स्लाइड बघताना मला तर अक्षतंतूचं मूळ त्या कोऱ्या जागेवरूनच ओळखू यायचं. फांद्या ढीगभर, पण ज्या फांदीच्या बुडाशी ठिपके नाहीत ती अक्षतंतू.

म्हणजे टोकाला लागणारा बहुतेक माल कायेतून पाठवावा लागतो. तंतूच्या आत सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात आणि त्यांवरून कायनेसिन नावाचं प्रथिन ओझं पाठीवर घेऊन अक्षरशः पावलं टाकत जातं. एक पाऊल ८ नॅनोमीटर. उलट दिशेने, टोकाकडून कायेकडे आणणारं डायनीन वेगळं. जलद वाहतुकीचा वेग दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर. म्हणजे आज कमरेतून निघालेला माल अंगठ्याला पोचायला तीनेक दिवस. तंतूचा सांगाडा बनवणारी प्रथिनं तर दिवसाला काही मिलिमीटरच सरकतात. त्यांना वर्षाच्या आसपास लागू शकतं.

ही परतीची वाट रेबीजच्या विषाणूलाही ठाऊक आहे. चावा पायाला असला तरी तो तंतूच्या टोकातून आत शिरतो आणि आतल्या वाहतुकीवर बसून वर सरकतो.

शंकासुर

झोप लागणार नाही म्हटलं होतं, ते खरं करून दाखवलंत.

रेघोट्या

एक बारीक तक्रार. सगळे 'नस' हा शब्द टाळताय, पण लोक घरात तोच वापरतात आणि तिथेच घोळ होतो. इंजेक्शनसाठी नस सापडत नाही, ती रक्तवाहिनी. 'नस दाबली गेली' ती चेता. पायात नस चढली ती तिसरीच, खरं तर स्नायूचा गोळा. एका शब्दात तीन अवयव! जुन्या पुस्तकांत मज्जातंतू, त्यात परत मज्जा म्हटलं की हाडातली मज्जा आठवते.

सावकाश

शिवाय चेता आणि चेतापेशी हेही वेगळं. चेता म्हणजे हजारो अक्षतंतूंची जुडी, वर वेष्टन, आत रक्तवाहिन्या. चेतापेशी म्हणजे एकटी पेशी. जुडीत काया नसतातच, नुसते तंतू. मला हे पुस्तकातून कळलं नाही, मनगटातून कळलं.

काही वर्षांपूर्वी काच घुसून मनगटाजवळची चेता कापली गेली. करंगळी आणि शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर. शस्त्रक्रियेत चेतेची दोन टोकं शिवली. मी शुद्धीवर येताच करंगळी चिमटून बघितली. काही नाही. वाटलं, शिवण फसली. तेव्हा कोणी नीट समजावलं नाही, आणि मी दोन आठवडे सगळ्यांवर चिडून होतो. मग तपासायला आलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावलं: शिवलंय ते वेष्टन. आतले तंतू शिवता येत नाहीत. कापल्याजागेपासून बोटाकडचे सगळे तंतू मरतात, कारण त्यांचा कायेशी संबंध तुटला. कायेकडचा भाग जिवंत असतो आणि त्याला नवा कोंब फुटतो. तो जुन्या वेष्टनातून वाट काढत पुढे सरकतो, दिवसाला साधारण १ मिलिमीटर.

दर भेटीला त्या मनगटापासून बोटाकडे टिचक्या मारत जायच्या. एका ठिकाणी टिचकी बसली की करंगळीत झिणझिणी यायची, बधिर करंगळीत! तिथवर कोंब पोचला असा अर्थ. पेनाने खूण करायच्या. पुढच्या महिन्यात खूण बोटाकडे तीनेक सेंटिमीटर सरकलेली. पेशी वाढताना मी स्वतःच्या तळहातावर बघितलीय. करंगळीच्या टोकाला अजूनही थोडं खादीसारखं खरखरीत लागतं, पण लागतं.

भिंगवाला

सावकाश, नाव सार्थ आहे तुमचं! हे तुटलेल्या टोकाकडचं मरणं पहिल्यांदा ऑगस्टस वॉलरने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या चेता कापून दाखवलं. मेंदू आणि मेरुरज्जूच्या आत मात्र अशी वाढ जवळजवळ होत नाही.

शंकासुर

माझा प्रश्न राहिलाच. ठेच लागली की आधी एक टोकदार कळ येते. मग क्षणभर वाटतं, वाचलो. आणि मग ठणका सुरू होतो. हे दोनदा का?

भिंगवाला

कारण दोन प्रकारच्या तंतूंमधून निरोप एकाच वेळी निघतात आणि वेगवेगळ्या वेळी पोचतात. टोकदार कळ नेणाऱ्या तंतूंवर मायलिनचा पातळ थर असतो, वेग सेकंदाला ५ ते ३० मीटर. ठणका नेणारे तंतू बारीक आणि मायलिन नसलेले, वेग सेकंदाला ०.५ ते २ मीटर. मीटरभराच्या वाटेवर पहिला निरोप सेकंदाच्या लहानशा भागात, दुसऱ्याला अर्धा ते दोन सेकंद. तुमचं 'वाचलो' त्या फटीतलं. हाताच्या बोटावर मारून बघू नका, वाट आखूड असते आणि फट कमी जाणवते.

मायलिन म्हणजे दुसऱ्याच पेशीने तंतूभोवती घेतलेले वेढे, मेदयुक्त पडद्याचे. हा चेतापेशीचा भाग नव्हे, ही गोष्ट आकृतीत हमखास झाकली जाते! हातापायांच्या चेतांमध्ये ते काम श्वान पेशी करतात, एक पेशी एक तुकडा. मेंदूत आणि मेरुरज्जूत दुसऱ्या जातीच्या पेशी, एकटी अनेक तंतूंना गुंडाळते. दोन तुकड्यांमध्ये मायक्रोमीटरभर उघडी जागा राहते, ती रॅनव्हिएची गाठ. नाव गाठ, पण आहे फट. जाड तंतूंमध्ये अशा दोन फटींमधलं अंतर मिलिमीटरभर असू शकतं. मायलिन असलेले सर्वांत वेगवान तंतू सेकंदाला १०० मीटरच्या पुढे जातात.

अर्धवटराव

संदेश एका गाठीवरून दुसरीवर उडी मारतो ना? असंच शिकवलं होतं.

भिंगवाला

'उडी' शब्दाने नुकसानच जास्त केलंय. हवेतून काही जात नाही. तंतूच्या पडद्यात सोडियमची दारं असतात. विश्रांतीत आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण. ती उणे ५५ च्या आसपास आली की दारं धाडकन उघडतात, सोडियम आत घुसतो, आतली बाजू क्षणभर धन होते. मग पोटॅशियम बाहेर पडून पुन्हा पूर्ववत. सगळं मिलिसेकंद-दोन मिलिसेकंदांत. मायलिन असलेल्या तंतूत ही दारं मुख्यतः फटींमध्येच दाटीने बसवलेली असतात. एका फटीत घडलेल्या बदलाचा विद्युतप्रवाह तंतूच्या आतून पुढच्या फटीपर्यंत पसरतो आणि तिथली दारं उघडतो. मायलिनमुळे तो वाटेत गळत नाही. दर फटीत संदेश नव्याने उभा राहतो, म्हणून अंगठ्यातून निघालेला निरोप कमरेत पोचेपर्यंत क्षीण होत नाही.

जोरात लागलं म्हणून संदेश मोठा होत नाही, हेही लक्षात घ्या. तेवढ्याच उंचीचे संदेश जास्त दाटीने जातात. दंतवैद्याचं बधिर करणारं इंजेक्शन हीच सोडियमची दारं बंद ठेवतं. दात तिथेच, सुई तिथेच, निरोप्याचं तोंड बंद.

हे आकडे मिळाले माकुळाच्या (स्क्विडच्या) कृपेने. त्याच्या अंगातला एक अक्षतंतू जाडीला मिलिमीटरच्या घरात असतो, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. १९३९ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी त्यात इलेक्ट्रोड घालून आतला व्होल्टेज मोजला. मग महायुद्ध आडवं आलं, आणि पूर्ण गणित १९५२ मध्ये मांडलं. १९६३ चं नोबेल.

टाचणी

वृक्षिकांबद्दल कोणीच बोलत नाहीये. भाचीने त्या सगळ्यात मन लावून काढल्यात.

रेघोट्या

मग माझा प्रांत आला, चित्रांचा. कामिलो गोल्जी याने १८७३ मध्ये पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरून मेंदूचे काप रंगवायची रीत काढली. गंमत अशी की ती फार थोड्या पेशींना रंगवते, पण रंगवते त्यांना टोकापर्यंत काळं करते. सगळ्या रंगल्या असत्या तर नुसता काळा डाग दिसला असता. १८८७ मध्ये सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश माणसाने ते काप पाहिले आणि पुढे आयुष्यभर पेशी चितारल्या. त्याचं म्हणणं, पेशी सुट्या आहेत, एकमेकींना टेकतात पण मिसळत नाहीत. गोल्जीचं म्हणणं, सगळं मिळून एकच सलग जाळं. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून, आणि गोल्जीने आपल्या भाषणात काहालच्या मतावरच टीका केली! बाजी काहालने मारली.

त्याने काढलेली पर्किंजे पेशी बघा, लहान मेंदूतली. वृक्षिकांचं झाड, पण एका प्रतलात चपटं, पुस्तकात दाबून वाळवलेल्या पानासारखं. फांद्यांवर बारीक काटे. काहींना ते रंगाचे डाग वाटले, काहाल म्हणाला खरे आहेत. १९५९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याच्या बाजूने कौल दिला. त्या काट्यांवर इतर पेशींची टोकं येऊन टेकतात.

भिंगवाला

सुंदर लिहिलंत. एकट्या पर्किंजे पेशीवर लाखाच्या पुढे टोकं टेकलेली असतात.

वृक्षिकांचं काम जमाखर्चाचं आहे (टाचणीताई, हे तुमच्या शाखेचं). काही टोकं पेशीला उचकवतात, ती जमा. काही गप्प करतात, तो खर्च. वृक्षिकेतले हे बदल छोटे असतात आणि कायेकडे येता येता बरेचसे विरतात. टोकाशी जमा केलेला रुपया तिजोरीत पन्नास पैसेच भरतो, असं समजा. शिल्लक मोजली जाते अक्षतंतूच्या मुळाशी, त्याच कोऱ्या जागेच्या लगत. सोडियमची दारं तिथे सर्वांत दाट. उंबरठा ओलांडला तर संदेश पूर्ण निघतो, नाहीतर अजिबात नाही.

आणि टेकतात म्हणजे चिकटत नाहीत. संपर्कस्थानी सुमारे २० नॅनोमीटरची फट असते. टोकातल्या पिशव्या फुटतात आणि रसायन पलीकडे जातं. ऑटो लोवी याने १९२१ मध्ये बेडकाच्या एका हृदयाची चेता उत्तेजित करून ते मंद केलं आणि भोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं. तेही मंद झालं. वीज नव्हे, द्रावणच निरोप घेऊन गेलं होतं. (काही ठिकाणी पेशी थेट विजेनेही जोडलेल्या असतात, पण आकृतीतलं संपर्कस्थान रसायनाचंच.)

शंकासुर

मेंदूत १०० अब्ज चेतापेशी असतात आणि आपण १० टक्केच वापरतो ना?

भिंगवाला

दोन्ही नाही. मोजणी करून आलेला आकडा ८६ अब्जांच्या आसपास. २००९ मध्ये सुझाना एरकुलानो-हौझेल आणि सहकाऱ्यांनी मेंदू विरघळवून त्यातली केंद्रकं मोजली. त्यांतल्या सुमारे ६९ अब्ज एकट्या अनुमस्तिष्कात (लहान मेंदूत), आणि त्यातल्या बहुतेक इवल्याशा कण पेशी, ज्यांना चार-पाचच आखूड वृक्षिका. म्हणजे संख्येने बघितलं तर बहुसंख्य चेतापेशी वहीतल्या चित्रासारख्या दिसतच नाहीत. १० टक्क्यांवर बोलायचं असेल तर वेगळा धागा काढा.

टाचणी

सगळ्यांचे आभार. अहवाल देते.

भाचीने सावकाश यांचं गणित उचललं, पण चेंडू नको म्हणाली. एक मिलिमीटरचा मणी म्हणजे काया. मग तंतू १० मीटर. जाडी ०.१ मिलिमीटर, म्हणजे बारीक शिलाईचा दोराच की! मण्याला दोरा बांधून खोलीतून, जिन्यावरून, परत वर. दर सेंटिमीटरला मार्करने खूण, ती रॅनव्हिएची फट. हजार खुणा करायच्या होत्या, सव्वाशेला हात टेकले. वृक्षिकांसाठी मण्यात जुन्या ब्रशचे केस चिकटवले.

वहीत तिने दोन आकृत्या काढल्या, प्रेरक पेशीची आणि शेजारी देठावर लटकलेल्या कायेची. दुसरीला गुण मिळतील की नाही माहीत नाही.

संध्याकाळी तिचा बाबा जिन्यावरून उतरताना पाय अडकून दोरा तुटला. मला वाटलं आता रडारड. ती तुटलेलं टोक हातात धरून म्हणाली, "बाबा, याच्या पुढचं सगळं आता मरणार. मण्याकडचं राहील." आणि पट्टी आणायला गेली.

सावकाश

तुटलं कुठे? मण्यापासून किती लांब?

टाचणी

साडेसहा मीटरवर. तिने हिशोब केलाय. उरले साडेतीन मीटर, म्हणजे खऱ्या पायात ३५ सेंटिमीटर. ३५० दिवस. बाबाला तारीख देऊन ठेवली आहे.